पहिली इलेक्ट्रिक गाडी, तीही मंदीत

मंदीत शोरूममध्ये शिरणाऱ्या गिऱ्हाइकाचं स्वागत जरा जास्तच होतं. चहा येतो, मॅनेजर स्वतः टेबलाशी येऊन बसतो आणि "साहेब, या महिन्यापुरतंच आहे" म्हणत लाखभराची सूट पुढे सरकवतो. सूट खरी असते. ती कशाची किंमत आहे, एवढंच कळायला हवं. बहुतेक वेळा गाडी यार्डात जितके महिने उभी आहे, त्या महिन्यांची ती किंमत असते. आणि उभ्या राहिलेल्या इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब पेट्रोल गाडीसारखा नसतो.

म्हणून इथला क्रम शोरूमच्या क्रमाच्या उलट ठेवला आहे. आधी बाजार, मग घरचा खर्च, मग पार्किंगमधला प्लग, आणि सेल्समन त्यानंतर.

पायरी १: बाजार किती पडलाय ते बघा

दर महिन्याला दोन आकडे जाहीर होतात आणि बातम्यांत ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात. 'सियाम' या उत्पादकांच्या संघटनेचा आकडा कारखान्यातून डीलरकडे रवाना झालेल्या गाड्यांचा असतो. 'फाडा' या डीलरांच्या संघटनेचा आकडा आरटीओत नोंदल्या गेलेल्या, म्हणजे खरोखर गिऱ्हाइकाच्या घरी गेलेल्या गाड्यांचा. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा सलग काही महिने मोठा राहिला की मधल्या गाड्या डीलरच्या यार्डात साचतात. तुमची घासाघीस करायची ताकद या साचलेल्या गाड्यांत आहे.

फाडाच्या मते डीलरकडे २१ दिवसांचा साठा असावा. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ८० ते ८५ दिवसांवर गेला होता आणि अडकलेल्या गाड्यांची किंमत ७९,००० कोटी रुपयांच्या घरात होती. तुमच्या खरेदीच्या महिन्यात हा आकडा ३० दिवसांच्या आसपास असेल तर मोठ्या सुटीची आशा धरू नका. ६० च्या वर असेल तर पहिल्या भावाला होकार देऊ नका.

विक्री का पडते, हेही थोडं समजून घ्यायला हवं, कारण प्रत्येक मंदीत सूट एकाच ठिकाणाहून येत नाही. २०१९ ची मंदी कर्जाच्या टंचाईतून आली. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्तकंपनी बुडीत निघाली, बिगर-बँक वित्तकंपन्यांकडचा पैसा आटला, आणि गिऱ्हाइकाच्या कर्जाबरोबर डीलर ज्या उधारीवर स्टॉक भरतो तीही आखडली. त्याच महिन्यापासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरणं सक्तीचं झालं. एप्रिल २०२० पासून धुराचे नवे, कडक बीएस-६ निकष येणार म्हणून बरेच लोक थांबून राहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवासी गाड्यांची घाऊक विक्री ३१.५७ टक्क्यांनी घसरली. पुण्याच्या पट्ट्यात कारखान्यांना 'ब्लॉक क्लोजर', म्हणजे काही दिवस उत्पादन बंद, घ्यावे लागले. फाडाच्या हिशेबाने एप्रिल २०१९ पर्यंतच्या १८ महिन्यांत देशभरात २८६ शोरूम बंद पडली.

आपल्याकडे इलेक्ट्रिक कार सर्वसामान्यांच्या नजरेत आली ती याच पडझडीत. १ ऑगस्ट २०१९ ला तिच्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आणि जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही १३.९९ लाखांपासून बाजारात उतरली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये टाळेबंदीने देशात जवळपास एकही गाडी विकली गेली नाही.

एक गोष्ट चाकण, रांजणगाव, पिंपरी-चिंचवड, वाळूज किंवा नाशिकच्या अंबड-सातपूर भागातल्या वाचकांसाठी. तुमचा पगार गाड्यांच्या किंवा सुट्या भागांच्या कारखान्यातून येत असेल, तर ज्या कारणाने तुम्हाला सूट मिळते आहे त्याच कारणाने तुमचा ओव्हरटाइम जाणार आहे. हप्ता ठरवताना ओव्हरटाइम आणि बोनस शून्य धरा.

पायरी २: किलोमीटर मोजा

गेल्या तीन महिन्यांचं तुमचं सरासरी रनिंग लिहून काढा. अंदाजाने सांगू नका. लोक आपलं रनिंग हमखास फुगवून सांगतात. सर्व्हिसच्या दोन बिलांवरचे ओडोमीटरचे आकडे वजा केले की खरा आकडा हाती येतो.

समजा महिन्याला १,२०० किमी. शहरात लिटरला १४ किमी देणारी पेट्रोल गाडी आणि १०४ रुपये लिटर धरलं, तर खर्च सुमारे ८,९०० रुपये. त्याच आकाराची इलेक्ट्रिक गाडी बॅटरीतल्या एका युनिटवर ७ किमीच्या आसपास जाते. पण तुम्ही पैसे भरता ते मीटरमधून गेलेल्या युनिटांचे. चार्ज होताना १० ते १२ टक्के वीज उष्णतेत जाते, त्यामुळे मीटरच्या एका युनिटला ६.२ किमी धरा. म्हणजे १९४ युनिट. १२ रुपये दराने २,३२५ रुपये. महिन्याची बचत साधारण ६,५९० रुपये.

हा १२ रुपये दर मुद्दाम चढा धरला आहे. घरगुती बिल टप्प्याटप्प्याने वाढतं. तुमचा वापर आज २०० युनिट असेल आणि त्यात १९४ युनिटांची भर पडली, तर ही भर वरच्या टप्प्यात जाते. सेल्समन सांगतो तो "किलोमीटरला एक रुपया" खालच्या टप्प्याच्या दरावर काढलेला असतो. आपल्या बिलावर शेवटचं युनिट कोणत्या दराने लागतं ते पाहा, त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळवा, मग गुणाकार करा. चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेण्याचीही सोय आहे. त्याला वेगळा दर आणि वेगळा स्थिर आकार लागतो. रनिंग जास्त असेल तर दोन्हींची तुलना करून पाहाच.

आता इलेक्ट्रिक आणि पेट्रोल मॉडेलच्या ऑन-रोड किमतीत ३ लाखांचा फरक असेल, तर १,२०० किमीवाल्याचे पैसे साधारण ४६ महिन्यांत वसूल होतात. ५०० किमीवाल्याची बचत फक्त २,७५० रुपये असल्याने त्याला नऊ वर्षं लागतात. वरचे ३ लाख ९ टक्क्यांनी कर्जाऊ काढले असतील, तर सुरुवातीला महिन्याला २,२५० रुपये व्याजच जातं आणि त्याची बचत जवळपास तिथेच संपते. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यापासून हा फरक आणखी वाढला आहे. महिन्याला ७०० किमीच्या आत फिरणाऱ्याने निव्वळ पैशांसाठी इलेक्ट्रिक घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. शांत चालते म्हणून, धूर नको म्हणून, टोल वाचतो म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या.

टोलचं थोडक्यात: महाराष्ट्रात इलेक्ट्रिक कारला अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर २०२५ पासून टोलमाफी आहे. फास्टॅग योग्य गाडी क्रमांकाशी जोडलेला आहे ना ते बघा. नाहीतर पैसे कापले जातात आणि परताव्यासाठी खेटे घालावे लागतात.

रेंजबद्दल. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. शहरात त्याच्या ७० ते ७५ टक्के धरा, एक्स्प्रेसवेवर ताशी १०० च्या वेगाने त्याहून कमी. ४८९ किमीचा दावा असलेल्या, ४५ युनिटची बॅटरी असलेल्या नेक्सॉनला कंपनी स्वतःच प्रत्यक्ष वापरात ३५० ते ३७५ किमी सांगते. घाटाची भीती मात्र उगाच घातली जाते. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरची चढण आहे. माणसांसकट १,६०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला सपाट रस्त्यापेक्षा जेमतेम अडीच-तीन युनिट जास्त लागतात, आणि उतरताना त्यातली बरीच वीज परत बॅटरीत येते.

पायरी ३: प्लग बसल्याशिवाय बुकिंग नाही

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. गाडी दारात आणि चार्जरची परवानगी सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये, अशी गत होते. रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर जायचं म्हटलं तर युनिटला वीस-बावीस रुपये पडतात आणि वर केलेल्या बचतीतला पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त जातो.

पार्किंग तुमच्या नावावर आहे याचा कागद काढा. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि त्यात चार गोष्टी लिहा: वीज तुमच्या स्वतःच्या मीटरवरून घेणार, केबलचा मार्ग कोणता, संरक्षक उपकरणं कोणती, काम परवानाधारक ठेकेदाराकडून होणार. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. समितीचा पहिला आक्षेप "कॉमन लाइटचं बिल वाढेल" आणि दुसरा "आग लागेल" असा असतो. पहिल्याला स्वतःचं मीटर हे उत्तर आहे. दुसरा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका, कारण खराब वायरिंग असेल तर तो खरा ठरतो. स्वतःच्या घरच्या जोडणीवरून आपली गाडी चार्ज करायला केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत मुभा आहे, तीही अर्जात नमूद करा.

मग मंजूर भार पाहा. वीजबिलावर तो छापलेला असतो. जुन्या फ्लॅटला बऱ्याचदा २ किंवा ३ किलोवॅटच मंजूर असतो. साधा १६ अँपियरचा पोर्टेबल चार्जर ३ किलोवॅटच्या आसपास खेचतो, भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर ३१ अँपियर. गीझर आणि एसी चालू असताना त्यात हा भार मिळवा आणि भारवाढीचा अर्ज महावितरण, बेस्ट, अदानी, टाटा पॉवर, जी तुमची कंपनी असेल तिच्याकडे ऑनलाइन करा. घरात थ्री फेज असेल तर चार्जर सर्वांत कमी भाराच्या फेजवर टाका.

छोट्या गाडीला भिंतीवरचा चार्जर लागतोच असं नाही. रोजचे ५० किमी म्हणजे ८ युनिट. साध्या १६ अँपियरच्या प्लगवर तीन तासांत परत भरतात. तेव्हा "वॉलबॉक्स फुकट" या आमिषाला फार भाव देऊ नका.

वायरिंगचे आकडे इलेक्ट्रिशियनच्या हातात लिहूनच द्या.

१६ अँपियरच्या प्लगसाठी मीटरपासून थेट स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर, जादा करंट झाला की बंद पडणारा २० अँपियरचा एमसीबी, करंटची गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. भिंतीवरच्या ३२ अँपियरच्या चार्जरसाठी ३० मीटरपर्यंत ६ चौरस मिमी, त्याहून लांब गेलं तर १० चौरस मिमी, आणि ४० अँपियरचा एमसीबी. आरसीसीबी निदान 'ए' प्रकारचा हवा. बाजारात स्वस्तात मिळणारा 'एसी' प्रकार चार्जरमधून येणारी डीसी मिश्रित गळती नीट ओळखत नाही.

केबलच्या जाडीत कंजूषी केली की काय होतं, ते गणितानेच दिसतं. ६ चौरस मिमीच्या वायरला किलोमीटरला सुमारे ३.०८ ओहम रोध असतो. ३१ अँपियरवर ३० मीटरला जाऊन-येऊन पावणेसहा व्होल्ट पडतात, म्हणजे अडीच टक्के, चालतं. तीच वायर बेसमेंटच्या कोपऱ्यापर्यंत ६० मीटर नेली की साडेअकरा व्होल्ट जातात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी मुळातच २१० व्होल्ट येत असतील तर चार्जर कमी दाबाची खूण दाखवून थांबतो आणि लोक गाडीला दोष देतात. १० चौरस मिमीमध्ये हीच घट सातच्या आत राहते.

अर्थिंग हे तर आपल्याकडचं जुनं दुखणं. जुन्या इमारतींत सॉकेटचं तिसरं भोक नुसतं दाखवायला असतं. फ्रीज, टीव्ही तक्रार करत नाहीत. गाडीचा चार्जर मात्र अर्थ सापडला नाही की सुरूच होत नाही. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्या: २-३ व्होल्टच्या आत ठीक, १० दाखवत असेल तर वेगळा अर्थिंगचा खड्डा करा आणि त्याचा रोध ५ ओहमच्या खाली आहे याचा मापन-अहवाल मागा. न्यूट्रलच अर्थला जोडून "झालं काम" म्हणणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला तिथूनच निरोप द्या. अशा जोडणीत न्यूट्रल तुटला तर गाडीचा पत्राच जिवंत होतो.

पहिल्या दिवशी तासभर चार्ज करून प्लगला हात लावा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर सॉकेट आतून सैल आहे किंवा वायर बारीक आहे. त्या रात्री चार्जिंग बंद. मिक्सर दोन मिनिटं चालतो, गाडी आठ तास सलग करंट ओढते, म्हणून घरात वर्षानुवर्षं चाललेलं सॉकेट इथे वितळतं. एक्स्टेंशन बोर्ड कधीच नको.

पायरी ४: शोरूम

दिवस निवडून जा. महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस, त्यातही मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरचे, कारण तेव्हा डीलरचं टार्गेट मोजलं जातं. पितृपक्षात शोरूम ओस असतं. त्या दिवसांचं वावडं नसेल तर भाव पितृपक्षात ठरवा आणि डिलिव्हरी दसऱ्याला घ्या. अर्थात गाडीचा चॅसिस क्रमांक आणि सूट दोन्ही पावतीवर लिहून घेऊन.

पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. विचारा, "कोणत्या महिन्यात बनलेली गाडी देणार?" तोंडी उत्तर पुरेसं नाही. विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, त्यावर निर्मितीचा महिना-वर्ष असतं. चॅसिस क्रमांकातलं दहावं अक्षरही साधारणपणे वर्ष सांगतं: 'आर' २०२४, 'एस' २०२५, 'टी' २०२६. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. टायर गाडीच्या आधी बनतो, पण सहा महिने आधी नाही.

तीन महिन्यांपर्यंतचा स्टॉक नवाच समजा. सहा महिन्यांच्या पुढे सूट मागायलाच हवी, आणि गेल्या कॅलेंडर वर्षातली गाडी असेल तर एक वर्षाची घसरण आधीच झाली आहे असं धरून. पुढे विकताना वापरलेल्या गाड्यांचा व्यापारी नोंदणीचं नव्हे तर निर्मितीचं वर्ष विचारतो.

उभ्या इलेक्ट्रिक गाडीत बिघडतं ते हे. १२ व्होल्टची छोटी बॅटरी सर्वांत आधी जाते. अलार्म, ॲप, सेन्सर तिच्यावर चालतात आणि गाडी बंद असताना ती आपोआप भरली जाईलच असं नाही. मोजून १२.६ व्होल्ट यायला हवेत, १२.२ च्या खाली असेल तर नवी बसवून मागा, कारण ही बॅटरी मेली की मोठ्या बॅटरीचे संपर्क जुळत नाहीत आणि ८० टक्के चार्ज असूनही गाडी दगडासारखी पडून राहते. मोठी बॅटरी महिनोन्‌महिने शून्याजवळ पडून राहणं वाईट, आणि उन्हात १०० टक्के भरून ठेवणंही वाईट. गाडी दाखवतात तेव्हा पडद्यावरचा टक्का बघा: ५ टक्के दिसत असतील तर ती कोणी सांभाळलेली नाही. डिलिव्हरीआधी साध्या चार्जरवर १०० टक्क्यांपर्यंत सावकाश भरून द्यायला सांगा, म्हणजे बॅटरीच्या आतले सेल एकमेकांशी समतोल होतात, आणि बॅटरीच्या तब्येतीचा छापील अहवाल मागा. टायर एकाच जागी दबून चपटे झाले आहेत का, डिस्कवर गंज आहे का, बॉनेटखाली उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हे तर पाहायचंच.

आता एक बारीक डाव. टार्गेट भरायला काही डीलर महिनाअखेरीस गाडी स्वतःच्या किंवा ओळखीच्या नावावर नोंदवून टाकतात आणि नंतर 'डेमो', 'अगदी नवी' म्हणून मोठ्या सुटीत देतात. किलोमीटर ४० दिसतात, पण आरसीवर तुम्ही दुसरे मालक होता. पेट्रोल गाडीत याने फक्त पुनर्विक्रीचा भाव जातो. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरीची 'आयुष्यभराची' वॉरंटी बऱ्याच कंपन्यांनी पहिल्या मालकापुरतीच ठेवली आहे, ती आखूड होते. सूट दुप्पट वाटली तर आधी गाडीचा क्रमांक एमपरिवाहन ॲपवर टाकून बघा.

कोटेशन ओळीओळीने मागा. सूट बिलातच, जीएसटीच्या आधी वजा व्हावी. मग तिच्यावरचा ५ टक्के करही वाचतो. सीट कव्हर आणि मॅटच्या रूपातली "चाळीस हजारांची सूट" घेऊ नका. हाताळणी किंवा लॉजिस्टिक शुल्काची ओळ खोडायला सांगा. विमा बाहेरून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. इलेक्ट्रिकच्या थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सवलत धरलेली आहे ना, आणि पॉलिसीत चार्जर व बॅटरीत पाणी शिरण्याचं संरक्षण आहे का, एवढं पाहा. महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन कर माफ आहे, त्यामुळे तो कोटेशनमध्ये दिसला तर प्रश्न विचारा. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर, लागतो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परत मागता येतो. आणि कलम ८० ईईबीखाली दीड लाखाच्या व्याजाची वजावट मिळते असं कोणी म्हणालं तर मान हलवून सोडून द्या. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती.

मंदीत डीलरही बुडतात. बुकिंगची रक्कम शक्य तितकी छोटी ठेवा, चेकने किंवा बँकेतून डीलरच्या कंपनीच्या खात्यात भरा, सेल्समनच्या यूपीआयवर मुळीच नाही. पूर्ण रक्कम चॅसिस क्रमांकाचं बिल हातात आल्यावरच. यार्डातल्या बऱ्याच गाड्या बँकेकडे तारण असतात. डीलर अडकला तर पैसे तुमचे गेलेले असतात आणि गाडी बँकेने धरलेली असते.

पायरी ५: कर्ज

१० लाख, ९ टक्के. पाच वर्षांचा हप्ता २०,७५८ रुपये, सात वर्षांचा १६,०८९. मंदीत बँका सात वर्षांचं कर्ज पुढे करतात आणि हप्ता हलका वाटतो. पण तीन वर्षांनंतर पाच वर्षांच्या कर्जात ४.५४ लाख बाकी असतात, सात वर्षांच्या कर्जात ६.४६ लाख. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाबतीत हा फरक बोचतो, कारण जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या भावाला बांधलेला असतो, आणि बॅटरीचे सेल स्वस्त झाले की नवीचाच भाव उतरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी याच कारणाने नेक्सॉन ईव्हीची किंमत १.२० लाखांपर्यंत कमी केली. जानेवारीत घेणाऱ्याची गाडी एका सकाळीत तेवढ्याने उतरली. हप्ता होता तेवढाच राहिला. म्हणून पाच वर्षांहून लांब कर्ज नको, आणि डाउन पेमेंट निदान २५ टक्के. कर्जाचा व्याजदर स्थिर असेल तर मुदतीआधी फेडण्याचा दंड किती, ते सहीच्या आधी विचारा.

बॅटरी भाड्याने घेण्याचा पर्यायही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर ही गाडी बॅटरीशिवाय ९.९९ लाख आणि किलोमीटरला साडेतीन रुपये अशी आली. महिन्याला १,२०० किमी म्हणजे ४,२०० रुपये भाडं, वर वीज वेगळी. किमान किलोमीटर बांधून घेतले आहेत का, हे करारात शोधा. गाडी उभी असली तरी ते भरावे लागतात.

पायरी ६: वापरलेली घेत असाल तर

मंदीत खरा सौदा कधी कधी इथे असतो, आणि फसगतही. एप्रिल २०२५ मध्ये ब्लूस्मार्ट ही इलेक्ट्रिक टॅक्सी सेवा बंद पडली तेव्हा हजारो गाड्या एकाएकी उभ्या राहिल्या. टॅक्सीच्या गाड्यांवर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात, खासगीवर पांढरी. टॅक्सी खासगीत बदलून विकत असतील तर जुनी आरसी मागा. रोज फास्ट चार्जरवर भरलेली, लाखभर किलोमीटर गेलेली गाडी वाईटच असते असं नाही, पण १.६ लाख किमीच्या वॉरंटीतलं तिचं बरंचसं आयुष्य खर्च झालेलं असतं.

बॅटरी स्वतः तपासायची सोपी रीत अशी. गाडी २० टक्क्यांवर आणा. युनिट मोजणाऱ्या साध्या चार्जरवर सलग १०० टक्के भरा. वापरण्याजोगी क्षमता ३० युनिट असलेल्या बॅटरीत ८० टक्के म्हणजे २४ युनिट जायला हवेत. मीटरवर गळतीसकट साडेसव्वीस दिसले तर बॅटरी नव्यासारखी. मीटर २२ वरच थांबला तर आत गेले सुमारे १९.८, म्हणजे तब्येत ८२ टक्के. भाव त्या हिशेबाने पाडा. अर्ध्यावर चार्ज थांबवून हे गणित करू नका: एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीचा दाब मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असल्याने गाडीचा टक्क्यांचा अंदाज चुकतो, तो १०० वर पोचल्यावर सुधारतो.

कागदांत फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८. पोर्टेबल चार्जर सोबत हवाच, तो वेगळा घ्यायचा तर हजारोंत जातो. शेवटचं, आणि हटकून विसरलं जाणारं: गाडीचं ॲप. जुन्या मालकाच्या खात्यातून ती काढून तुमच्या नावावर घेतल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका. नाहीतर तुम्ही गाडी लावून घरी याल आणि तिकडे त्यांना फोनवर दिसत राहील ती कुठे उभी आहे. मनात आलं तर दारही उघडता येईल.